टेबलावरचा साक्षीदार

पाहुणा एकच होता आणि तोही सख्खा धाकटा भाऊ. घरची चार माणसं आणि तो, एवढ्यांपुरतं साधं जेवण रूथला करायचं होतं. हाताशी अख्खा दिवस होता आणि भावाला जेवायला घालायची हौसही होती. जेवायची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. सगळं सामान समोर मांडलेलं, एकदोन भांडी शेगडीवर चढलेली. पण सॅलड व्हायचं होतं, मांस शिजायला टाकलेलंच नव्हतं, आणि ती कावरीबावरी होऊन मध्येच उभी होती. कुणीतरी मदतीला गेलं, भराभर सगळं आटोपलं आणि जेवताना ती नेहमीसारखी हसत-बोलत होती.

भावाने हे पाहिलं आणि टिपून ठेवलं. कारण सव्वा वर्षापूर्वी, १९२८च्या डिसेंबरात, त्यानेच तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूचा पुढचा बराचसा भाग कापून काढला होता.

भावाचं नाव वाइल्डर पेनफील्ड. वय ३७, त्याच वर्षी न्यूयॉर्क सोडून माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलात आलेला मेंदूचा सर्जन. रूथ ४३ वर्षांची. तिला किशोरवयापासून फिट येत, आणि मग डोकेदुखी आणि नजर अधू होणं सुरू झालं. आत गाठ होती. भावाने जमेल तितकी काढली, सगळी निघाली नाही. १९३१ साली रूथ गेली. १९३५ मध्ये पेनफील्डने जोसेफ इव्हान्स या सहकाऱ्याबरोबर ‘ब्रेन’ या नियतकालिकात मेंदूच्या पुढच्या खंडावर निबंध लिहिला, त्यात ही रुग्ण आणि तिचं ते अर्धवट राहिलेलं जेवण आहे. हात चालत होते, बोलणं शाबूत होतं, स्वभाव तोच होता. गेली होती ती चार कामं एकमेकांत गुंफून वेळेवर पार पाडायची हातोटी. कुठल्याही यंत्राने हे सांगितलं नसतं.

पेनफील्डची कारकीर्द सांगताना बहुतेक जण त्याच्या विजेच्या सुईपासून सुरुवात करतात. मला हे स्वयंपाकघर जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढची तीसेक वर्षं त्याने जे मिळवलं, ते अशाच पद्धतीने मिळवलं: माणसाला काय होतंय ते त्याच्याकडूनच जाणून घ्यायचं आणि लिहून ठेवायचं.

फिट येण्याच्या आजाराच्या बाबतीत तीच गोष्ट सगळ्यात अवघड. आपल्याकडे त्याला फेफरं म्हणतात, मिरगी म्हणतात, आकडी म्हणतात, वैद्यांच्या भाषेत अपस्मार. स्मृती निघून जाते म्हणून अपस्मार. ज्याला फिट येते त्यालाच बहुतेकदा काही आठवत नसतं. भोवतीच्या लोकांना तेवढी ती दिसते, आणि ते कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात. थोड्या वेळाने फिट आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला जातं. युरोपात यापेक्षा फार शहाणपण होतं असं नाही. १८५७ साली लंडनमध्ये ब्रोमाइड हे पहिलं बऱ्यापैकी लागू पडणारं औषध पुढे आलं. ते रोग्याला सुस्त करून ठेवी. १९१२ मध्ये जर्मनीत फेनोबार्बिटालचा गुण ध्यानात आला. तोवर उपचाराचा खरा अर्थ रोग्याला शांत ठेवणं एवढाच होता.

वेगळी वाट काढली लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टराने. तो फिट सुरू कुठून होते ते बघत बसे. अंगठा थरथरतो, मग हात, मग दंड, मग चेहरा. हा क्रम कधी उलटसुलट होत नाही, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावर अंगठा, हात, चेहरा यांच्या जागा शेजारी शेजारी असल्या पाहिजेत आणि ठिणगी एका जागी पडून आग पुढे सरकत असली पाहिजे. त्याच्या बायकोलाच अशा फिट येत. १८७० मध्ये बर्लिनला फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य वीज लावून पाय हलवून दाखवला आणि जॅक्सनचा तर्क पक्का झाला. मग १८८६च्या मे महिन्यात व्हिक्टर हॉर्स्लीने एका २२ वर्षांच्या स्कॉटिश तरुणाची कवटी उघडून लहानपणच्या मारामुळे मेंदूवर पडलेला व्रण काढला. फिट थांबल्या. ठिणगीची जागा सापडली तर ती काढून टाकता येते, हे ठरलं. पण जागा नेमकी सापडायची कशी, आणि सापडलीच तर तिच्याबरोबर बोलणं किंवा हाताची हालचाल जाणार नाही हे कसं ठरवायचं, हे प्रश्न तसेच राहिले.

पेनफील्ड या प्रश्नांपर्यंत बऱ्याच वळणांनी पोचला. जन्म १८९१चा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन गावी. वडील डॉक्टर, पण धंद्यात बुडाले. आई मुलांना घेऊन माहेरी विस्कॉन्सिनला आली. मुलाने प्रिन्स्टनहून ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवली आणि तो ऑक्सफर्डला गेला. तिथे चार्ल्स शेरिंग्टन मांजरांच्या मज्जासंस्थेवर प्रयोग करत होता. मेंदू हा अजून कुणी न फिरलेला मुलूख आहे, ही भावना पेनफील्डने तिथून घेतली. मार्च १९१६ मध्ये इंग्लिश खाडीत तो बसला होता त्या ‘ससेक्स’ जहाजावर जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो डागला. जखमी पेनफील्ड विल्यम ऑस्लर या थोर वैद्याच्या घरी राहून बरा झाला. शिक्षण संपवून तो न्यूयॉर्कला सर्जन झाला, आणि मग त्याच्या मनात व्रणाचा प्रश्न घर करून बसला. कातडीवरच्या जखमेचा व्रण निमूटपणे बसून राहतो. मेंदूतला व्रण वर्षानुवर्षांनी फिट का घडवतो?

उत्तर शोधायला तो १९२४ मध्ये माद्रिदला गेला. पिओ देल रिओ ऑर्तेगा या संशोधकाने चांदीच्या क्षारांनी मेंदूतल्या बारीक आधार-पेशी रंगवायची युक्ती काढली होती. ती पेनफील्डने हस्तगत केली. मग १९२८ मध्ये ब्रेस्लाव, म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. तिथे ओटफ्रिट फर्स्टर होता. लेनिनच्या शेवटच्या आजारात ज्याला बोलावलं होतं तोच हा. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागून वाचलेले आणि नंतर फिट येऊ लागलेले सैनिक फर्स्टरकडे येत. तो त्यांना पूर्ण भूल देत नसे. फक्त डोक्याची कातडी बधिर करून, रोगी जागा असतानाच तो व्रण काढी. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, म्हणून हे शक्य होतं. पेनफील्ड तिथे सहा महिने राहिला, आणि माँट्रियलला आला तेव्हा पुढच्या आयुष्याचं काम त्याने बरोबर आणलं होतं.

एकट्या सर्जनचं हे काम नव्हे, हे त्याला लवकर कळलं. मेंदूच्या पेशी पाहणारा, विजेचे तरंग मोजणारा, रोग्याशी बोलून मन तपासणारा आणि कापणारा, असे सगळे एका छपराखाली हवेत. रॉकफेलर प्रतिष्ठानाने १९३२ मध्ये १२ लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. सगळीकडे महामंदी होती तेव्हाची ही गोष्ट. सप्टेंबर १९३४ मध्ये मॅक्गिल विद्यापीठाची माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली. न्यूयॉर्कहून त्याच्याबरोबर आलेला विल्यम कोन हा सर्जन तिचा दुसरा खांब. नाव पेनफील्डचं झालं, रात्रीबेरात्री वॉर्डात उभा कोन असे.

आता ऑपरेशनच्या खोलीत जाऊ. रोगी कुशीवर, डोकं भादरलेलं. हिरवी चादर अशी तंबूसारखी बांधलेली की सर्जनला फक्त उघडा मेंदू दिसावा आणि रोग्याचा चेहरा पलीकडे मोकळा राहावा. चेहऱ्याच्या बाजूला कुणीतरी बसलेलं, त्याच्याशी बोलत. वर काचेआड गॅलरी. पेनफील्ड बारीक इलेक्ट्रोडने पृष्ठभागाला स्पर्श करतो. रोग्याचा अंगठा हलतो, किंवा रोगी सांगतो की ओठाला मुंग्या आल्या. लगेच त्या जागी कागदाचा इवलासा अंक ठेवला जातो, १, २, ३, आणि काय घडलं ते पेनफील्ड मोठ्याने सांगतो. कुणीतरी लिहून घेतं. काही वेळा तो वीज लावतो असं म्हणतो आणि लावत नाही. तेव्हा रोगी काही झालं नाही असं म्हणाला, तर त्याच्या बाकीच्या उत्तरांवर भरवसा ठेवायचा. शेवटी मेंदूवर पेरलेल्या अंकांचा फोटो काढतात. या सगळ्यात कुठलातरी एक बिंदू असा सापडतो की तिथे स्पर्श होताच रोगी म्हणतो, हीच, फिट यायच्या आधी मला अशीच चाहूल लागते. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणजे फिट येते तेव्हा ज्याला काहीच सांगता येत नाही, तोच माणूस इथे एकमेव साक्षीदार होता. सर्जन त्याच्या शब्दावर विसंबून सुरी चालवत होता. बोलण्याच्या जागेला वीज लागली की रोग्याचं बोलणं अडे. समोरच्या चित्रातली वस्तू ओळखीची असे, नाव ओठांवर येत नसे. त्या जागा मग सर्जन वाचवी.

असे अंक वर्षानुवर्षं साठत गेले आणि त्यांतून नकाशा निघाला. १९३७ मध्ये पेनफील्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी १६३ रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडल्या. हॉर्टेन्स कँटली या चित्रकर्तीने त्या नकाशाला माणसाचं रूप दिलं. मेंदूत ज्या अवयवाला जितकी जागा, तितका तो मोठा. त्यामुळे ओठ, जीभ आणि अंगठा अवाढव्य, आणि धड-पाय काडीसारखे. हे विचित्र माणूसचित्र आता शाळेच्या पुस्तकांतही सापडतं. नकाशा म्हणून ते काटेकोर नाही, आणि नंतरच्या संशोधकांनी त्यात बरेच फेरफार केले. पण एखाद्या विणकराच्या, तबलजीच्या किंवा भाजी चिरणाऱ्या बाईच्या हाताला मेंदू किती जागा देतो हे एका नजरेत कळावं, तर ते चित्रच हवं.

याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. १९२९ मध्ये जर्मनीत हान्स बर्गरने कवटीवरून मेंदूचे विजेचे तरंग टिपल्याचं जाहीर केलं होतं. अमेरिकेत ते तंत्र वापरणारा हर्बर्ट जॅस्पर १९३०च्या दशकाच्या अखेरीस माँट्रियलला आला. आता कवटी उघडायच्या आधीच ठिणगी कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज या तरंगांच्या आलेखावरून, म्हणजे ईईजीवरून, येऊ लागला. आणि १९३८ मध्ये बॉस्टनच्या ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी फेनिटॉइन हे औषध पुढे आणलं. मांजरांना विजेने झटके आणून, कुठलं रसायन ते रोखतं हे पाहत ते इथवर पोचले होते. हे औषध सुस्ती न आणता फिट थांबवत होतं, आणि जगातल्या बहुसंख्य रुग्णांचं आयुष्य पेनफील्डच्या सुरीपेक्षा या गोळीने जास्त बदललं. सुरी उरली ती औषधांना न जुमानणाऱ्या फिटसाठी. ऑपरेशननंतर काहींच्या फिट कायमच्या थांबल्या, काहींच्या कमी झाल्या, काहींना काहीच फरक पडला नाही. पेनफील्डने तिन्ही प्रकार छापले.

व्रण नसलेल्या रुग्णांतही ठिणगी अनेकदा कानशिलामागच्या भागात, टेम्पोरल लोबमध्ये पडते, हे जॅस्परच्या तरंगांनी दाखवलं तसा पेनफील्ड तिकडे वळला. आणि इथे साक्षीदार काहीतरी भलतंच सांगू लागले. एका बाईला वाद्यवृंद ऐकू आला. इलेक्ट्रोड त्याच जागी ठेवला की तीच चाल पुन्हा सुरू. दुसरीला आपलं स्वयंपाकघर, अंगणात खेळणाऱ्या मुलाचा आवाज, बाहेरच्या गाड्यांचा गलका. दक्षिण आफ्रिकेहून आलेला एक तरुण चक्रावला: आपण माँट्रियलच्या टेबलावर आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच वेळी तो गावाकडच्या शेतावर चुलतभावंडांबरोबर हसत होता.

पेनफील्ड यावर मोहित झाला. माणूस जे जे लक्ष देऊन अनुभवतो, त्याची अखंड नोंद मेंदूत होत असते आणि वीज लावून ती पट्टी पुन्हा वाजवता येते, असं तो मांडू लागला. टेपरेकॉर्डरचा जमाना होता, लोकांना पटलं. कॅनडाच्या टीव्हीवर पुढे एक मिनिटाची फिल्म आली, तिच्यातल्या बाईला फिट येण्याआधी करपलेल्या टोस्टचा वास येतो. पेनफील्ड बहुतेकांच्या लक्षात आहे तो त्या टोस्टमुळे. पण १९६३ मध्ये त्याने स्वतःच सगळी प्रकरणं मोजून छापली. टेम्पोरल लोबला वीज लावून पाहिलेल्या ५२० रुग्णांपैकी असे अनुभव आले ४० जणांना. त्यांतही बरेच अनुभव धड आठवणी नसून स्वप्नांसारखे. साक्षी खऱ्या होत्या, त्यांवरून काढलेला निष्कर्ष फार पुढचा होता. तरी त्याला दोष देताना माझी लेखणी अडखळते, कारण त्याचं म्हणणं खोडायला लागणारे आकडे त्यानेच दिले.

खरा धक्का दुसरीकडून आला. डॉनल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाची विद्यार्थिनी ब्रेंडा मिल्नर १९५० मध्ये इन्स्टिट्यूटमध्ये आली. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर रुग्णांच्या मनाच्या चाचण्या घेणं हे तिचं काम. जुने सर्जन अशा चाचण्यांना फार किंमत देत नसत. मग पी. बी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा ४६ वर्षांचा सिव्हिल इंजिनिअर आला. डाव्या बाजूचा टेम्पोरल लोबचा भाग काढला. शुद्धीवर आल्यावर तो चिडून विचारू लागला की तुम्ही लोकांनी माझ्या आठवणीचं काय केलंत. बुद्धी शाबूत, पण पाच मिनिटांपूर्वीचं काही टिकेना. पुढे हातमोजे कापण्याचं काम करणाऱ्या २८ वर्षांच्या एफ. सी.चंही तसंच झालं. एकाच बाजूचा भाग काढून हे व्हायला नको होतं. पेनफील्ड आणि मिल्नर यांनी तर्क केला की दोघांच्या दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे टेम्पोरल लोबच्या आतला भाग, आधीच निकामी असावा, म्हणजे ऑपरेशनने नकळत शेवटचा आधार काढला.

त्यांनी आपली चूक सभेत मांडली. त्याचा गोषवारा वाचून अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या विल्यम स्कोव्हिलने पेनफील्डशी संपर्क साधला: त्याने १९५३ मध्ये फिटसाठीच हेन्री मोलेसन या तरुणाच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस मुद्दाम काढले होते आणि त्याचीही स्थिती अशीच झाली होती. मिल्नर त्याच्याकडे गेली. आरशात बघून ताऱ्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची, असं काम तिने त्याला तीन दिवस दिलं. रोज त्याला आपण हे पहिल्यांदाच करतोय असं वाटे, आणि रोज हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चाले. म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि घटनांची वेगळी. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नरचा निबंध आला आणि स्मरणशक्तीचं शास्त्र तिथून नव्याने सुरू झालं. हेन्री २००८ पर्यंत जगला, ‘एच. एम.’ या दोन अक्षरांआड. दोन्ही बाजू काढण्याचं ऑपरेशन मात्र बंद झालं. आणि ऑपरेशनआधी कुठली बाजू बोलणं सांभाळते हे तपासायची रीत पडली, ती जपानहून आलेल्या जून वाडा याच्या युक्तीने: मानेतल्या एका रोहिणीतून औषध सोडून मेंदूची एक बाजू काही मिनिटं झोपवायची आणि रोग्याला बोलतं करायचं.

फिटवरच्या शस्त्रक्रियेचं ज्ञान भारतात लवकर पोचलं. केरळचे डॉ. जेकब चांडी माँट्रियलला पेनफील्डच्या हाताखाली शिकले आणि १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी देशातला पहिला मज्जाशल्य विभाग सुरू केला. १९५२च्या ऑगस्टमध्ये तिथे फिटसाठीचं ऑपरेशन झालं.

पेनफील्ड १९६० मध्ये निवृत्त झाला. म्हातारपणी तो मेंदू आणि मन एकच का, या कोड्यात गुंतला. विजेने हात हलवला की रुग्ण दरवेळी सांगत की हे मी केलं नाही, डॉक्टर तुम्ही केलंत. एकाही रुग्णाने विजेमुळे एखादा निर्णय घेतल्याचं सांगितलं नव्हतं. त्यावरून मन मेंदूपेक्षा वेगळं असावं असं त्याला वाटू लागलं आणि १९७५च्या ‘द मिस्टरी ऑफ द माइंड’ या पुस्तकात त्याने तसं लिहिलं. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, मलाही नाही. पण पुराव्याला उभे केलेले साक्षीदार तेच जुने, टेबलावरचे.

त्या पुस्तकाच्या आदल्या वर्षी, ८३व्या वर्षी, त्याने आणखी एक छोटं काम पुरं केलं होतं. तो इंजिनिअर पी. बी. १९६४ मध्ये वारला होता. त्याचा मेंदू उघडून पाहिला तेव्हा उजवीकडचा, सुरी न लागलेला हिप्पोकॅम्पस जुन्या इजेने आक्रसलेला आढळला. तो जुना तर्क खरा होता. पेनफील्डने तो निष्कर्ष गॉर्डन मॅथिसन या सहकाऱ्याबरोबर छापला.

५ एप्रिल १९७६ रोजी पेनफील्ड माँट्रियलमध्ये वारला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात भारतात हिंदू विवाह कायद्यातली दुरुस्ती अमलात आली आणि लग्नाच्या अटींत नवं कलम बसलं: वरचेवर वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती विवाहाला पात्र नाही. फेफरं वेडाच्या शेजारी नेऊन बसवलेलं, आणि तेही फिट गोळीने आटोक्यात येते हे कळल्याला अडतीस वर्षं उलटल्यावर. त्यापुढची तेवीस वर्षं लग्न ठरताना गोळ्या पर्समध्ये लपवल्या गेल्या, आणि कळलं तर प्रकरण कोर्टात गेलं. डॉक्टर आणि रुग्णांच्या संघटना मागे लागल्या. १९९९ साली संसदेने ते कलम पुन्हा उघडलं. इंग्रजी मजकुरातून काढायचे शब्द दोनच होते: ‘ऑर एपिलेप्सी’.